पडद्यावरचा गरीब पोरगा आणि चाकणचा ट्रेनी

मराठी दूरचित्रवाणीवर गरिबांना स्थान नाही, अशी तक्रार आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकांतून वारंवार ऐकू येते. ती खरी नाही. स्थान आहे आणि भरपूर आहे. संध्याकाळी सात ते दहा या वेळात कोणतीही खासगी वाहिनी लावावी. गळके पत्र्याचे घर, शिवणयंत्रावर वाकलेली आई, शाळेच्या फीसाठी अडलेली मुलगी किंवा वडिलांच्या आजारपणामुळे शिक्षण सोडावे लागलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, यांपैकी काही ना काही दृष्टीस पडतेच. मालिकेचा आरंभ गरिबीने करण्यास वाहिन्यांची मुळीच हरकत नसते, कारण गरिबी रडविते आणि रडणारा प्रेक्षक जाहिरात संपेपर्यंत उठत नाही. आमची तक्रार निराळी आहे. त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे पुढे काय होते, याविषयी ती आहे.

पुढे तीनच गोष्टी होऊ शकतात. त्याच्या अंगी एखादा दैवी गुण निघतो, एखादा उदार धनिक त्याच्या डोक्यावर हात ठेवतो, किंवा लग्न होऊन त्याचा वर्ग बदलतो. मुलगी असेल तर बहुधा ही तिसरी वाट ठरलेली. २०१३ ते २०१६ या काळात महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेची नायिका बँकेत नोकरी करणारी, सामान्य घरातली, आणि नायक ‘गोखले गृहउद्योग’ नावाच्या भरभराटीस आलेल्या धंद्याचा वारस. त्या घरातल्या सहा-सहा सासवांचे स्वभाव महाराष्ट्राला तोंडपाठ झाले. पण त्या गृहउद्योगात लोणची-मसाले कोण करते, किती वाजता कामावर येते आणि महिन्याकाठी काय घेऊन घरी जाते, हे विचारावेसे कोणाला वाटले नाही. गाण्याच्या आणि नाचण्याच्या स्पर्धांत तर गरिबी हे प्रवेशपत्रच बनले आहे. स्पर्धक गाण्यापूर्वी त्याच्या झोपडीची चित्रफीत दाखवावयाची, आईच्या डोळ्यांतले पाणी जवळून टिपावयाचे, परीक्षकांनी रुमाल काढावयाचा आणि मग गाणे. एकाच्या गळ्यात सूर निघाला म्हणून त्याची झोपडी सुटली. उरलेल्या वस्तीच्या गळ्यात सूर नाही. तिने काय करावे, हा प्रश्न त्या झगमगाटात विचारणे असभ्यपणाचे ठरते.

‘करमणुकीकडे करमणूक म्हणून पाहा, तुम्हाला सगळीकडे वर्गच दिसतो,’ असे आमचे काही सुशिक्षित मित्र म्हणतील. त्यांना आम्ही मराठीतीलच उदाहरणे देतो. ती करमणूक म्हणूनही उणी नाहीत.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. या कथेवर भाबडेपणाचा आरोप करणारे विद्वान आपल्याकडे काही कमी नाहीत. पण या भाबड्या म्हटल्या जाणाऱ्या कथेत श्यामची गरिबी आकाशातून पडलेली नाही. तिला भाऊबंदकी आहे, कर्ज आहे, सावकार आहे आणि दारात येऊन उभा राहणारा सावकाराचा माणूस आहे. आईचा मृत्यू आणि घरावरचे कर्ज यांचा संबंध लहान मुलालाही कळतो. आठ दशकांनंतर नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. त्यातला जब्या शाळकरी वयाचा आहे, वर्गातल्या मुलीवर त्याचे मन जडले आहे, नव्या कपड्यांची त्याला ओढ आहे. म्हणजे वयात येण्याचे सगळे साहित्य तेथे आहे. आणि ऐन त्या वयात गावासमोर डुक्कर धरण्याची पाळी त्याच्यावर येते. मारलेले डुक्कर बांबूला बांधून नेताना पाठीमागच्या शाळेच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रे दिसतात. मंजुळ्यांना भाषण करावे लागले नाही. जब्याच्या दुःखाचे कारण जात हे आहे आणि ते कारण चित्रपटभर पडद्यावर हिंडत असते; शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो. या दोन्ही कृतींत मुलगा वयात येतो तो आपल्या हालांचे नाव कळल्यामुळे. आजच्या मालिकांत त्या नावाची जागा कपटी काकूने आणि मत्सरी नणंदेने घेतली आहे. सावकार गेला, जात गेली, मालक गेला. उरली ती काकू.

मधला एक टप्पाही नोंदवला पाहिजे. १९९० साली राजदत्त यांनी ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ दूरदर्शनवर आणला. अनाथ मुलगा, परक्या घराचा आसरा, आणि चांगुलपणाने माणसे जिंकण्याची कथा. ती मध्यमवर्गीय मायेची होती. क्रांती तिच्यात कोणी शोधू नये. पण त्या काळी एकच सरकारी वाहिनी ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठी आणि ‘कामगार विश्व’ कामगारांसाठी सादर करीत असे, आणि १९८६ साली ‘नुक्कड’सारखी मालिका रस्त्याच्या कोपऱ्यावरची बिनभांडवली माणसे नायक म्हणून देशभर दाखवू शकत होती. ते कार्यक्रम पुष्कळदा कंटाळवाणे असत, हे मान्य. तथापि ‘कामगार’ हा शब्द उच्चारल्याने दूरचित्रवाणी संच बिघडत नाही, एवढे तरी त्यांनी सिद्ध केले होते.

आता चाकणकडे वळू. वाहिन्यांच्या लेखकांना वयात येणाऱ्या गरीब मुलाची कथा हवी असेल तर ती पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर, म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांतल्या भाड्याच्या खोल्यांत रोज घडत आहे. बीड, लातूर, नांदेड, जालना, बुलढाणा येथून दहावी-बारावी किंवा आयटीआय केलेला मुलगा येतो. गावचा एखादा आधी आलेला ‘रूम पार्टनर’ त्याला ठेकेदाराच्या कचेरीत नेतो. आधार कार्डाची प्रत, दोन छायाचित्रे, बँकेचे खाते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कंपनीच्या बसमध्ये. एका खोलीत पाच-सहा जण. कोणी रात्रपाळीचा, कोणी पहिल्या पाळीचा, म्हणून अंथरूण कधी थंड होत नाही. मेसचा डबा, महिन्याअखेरीची उसनवारी, ओटी मिळाली तर आनंद आणि ओटी मिळाली म्हणून झोप नाही. हे वर्णन करुणेसाठी केलेले नाही. अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबईस गेले, तेव्हाही मुंबईने त्यांना पायघड्या घातल्या नव्हत्या. त्या मुंबईत आणि या चाकणमध्ये फरक आहे तो पुढच्या पायरीचा.

आपली भाषा या बाबतीत फार नेमकी आहे. मुलगा वयात आला असे आपण शरीरावरून म्हणतो, पण घरातली म्हातारी माणसे म्हणतात, ‘पोरगा हाताशी आला’, ‘मार्गी लागला’, आणि सगळ्यांत नेमके म्हणजे ‘चिकटला’. पिंपरी-चिंचवडची एक सबंध पिढी अशी चिकटली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, साठीच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरीला टेल्को आली, आणि मावळ, खेड, मुळशीच्या वाडीवस्तीतली, पुढे मराठवाड्यातली मुले तेथे ‘पर्मनंट’ झाली. पर्मनंट या इंग्रजी शब्दाने या पट्ट्यात जेवढी लग्ने जमवली तेवढी कोणत्याही मध्यस्थाने जमवली नसतील. हे कायमपण मालकांनी खुशीने दिलेले नव्हते. सप्टेंबर १९८९ मध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणास बसले आणि पोलिसांनी रात्री त्यांना तेथून उचलून गाड्यांत घातले. तो लढा हरला. परंतु त्या रात्री शनिवारवाड्यावर बसलेल्यांपैकी पुष्कळ जण पंचविशीच्या आतबाहेरचे होते, आणि ती रात्र ज्याने पाहिली तो सकाळी मुलगा राहिला नसणार. एवढे जिवंत नाट्य घरापाशी पडलेले असताना आमचे मालिकालेखक दागिन्यांच्या डब्याची चोरी तीस-तीस भाग चालवतात!

चाकणच्या मुलाला मात्र चिकटू दिले जात नाही. महाराष्ट्रात आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस अखंड काम केलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करावे, असा नियम होता. म्हणून २४० दिवस भरण्यापूर्वी ‘ब्रेक’ देण्याची युक्ती निघाली. त्याहून चतुर युक्ती म्हणजे त्याला कामगारच न म्हणणे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने शिकाऊ हा कामगार नव्हे असे सांगून ठेवलेच होते. २०१३ साली ‘नीम’ नावाची योजना आली: सोळा ते चाळीस वर्षांपर्यंतच्या कोणालाही तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून ठेवावे, विद्यावेतन द्यावे, नोकरीचे नाते मात्र निर्माण होणार नाही. चाळीस वर्षांचा प्रशिक्षणार्थी! आपल्याकडे चाळिशीत माणूस सासरा व्हायला लागतो. ती योजना पुढे रद्द झाली, पण तिने लावलेली सवय रद्द झाली नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यास महिना सहा हजार, आयटीआय-पदविकाधारकास आठ हजार, पदवीधरास दहा हजार, मुदत सहा महिने, जी नंतर वाढवण्यात आली. लोकांनी तिचे नाव ‘लाडका भाऊ’ ठेवले. लाडका खरा, पण घरात घ्यायचा नाही, पडवीत बसवायचा. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेने निश्चित मुदतीची नोकरी कायद्यात बसवली आणि स्थायी आदेशांचे बंधन तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरते ठेवले. सुट्या भागांचे कारखाने या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या कितींच्या हजेरीपटावर तीनशे नावे सापडतील? आणि कायदा जेथे कामगार मोजतो तेथे प्रशिक्षणार्थ्याची गणती होत नाही.

म्हणजे या पट्ट्यात वयात येण्याचीच बंदी झाली आहे. अठराव्या वर्षी ट्रेनी, एकविसाव्या वर्षी दुसऱ्या गेटवर ट्रेनी, पंचविसाव्या वर्षी तिसऱ्या ठेकेदाराकडे ‘हेल्पर’. गावाकडे आई विचारते, ‘चिकटलास का रे?’ आणि तो ‘होईल यंदा’ म्हणतो. जेथे मशिन चालवावयास दिले जाते तेथेही शिकविण्याची खात्री नाही. प्रेस मशिनमध्ये बोटे गमावणाऱ्या कामगारांविषयी ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेने २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल प्रसिद्ध केले आहेत, आरंभी गुडगाव-मानेसरचे आणि पुढे पुण्याच्या पट्ट्यासही कवेत घेणारे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांतली ही बोटे. जखमींत तरुण आणि कंत्राटी मुलांचा भरणा. ज्याला कागदोपत्री शिकणारा म्हणतात त्याला यंत्राचा रक्षक दांडा कोठे असतो हेही दाखवलेले नसते.

मुलींची कथा वेगळी लिहिली पाहिजे आणि तीही कोणी लिहिलेली नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे विनापरवाना चालणाऱ्या एका शेडला आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तेथे तयार होत. होरपळून मेल्या त्या मुख्यतः स्त्रिया, आजूबाजूच्या वस्तीतल्या, रोजावर काम करणाऱ्या. जखमींपैकी आणखी काही पुढच्या दिवसांत गेल्या. त्या आठवड्यातही वाहिन्यांवर नायिकेचा वाढदिवस साजरा होतच असेल. केक आला असेल, त्यावर मेणबत्ती लागली असेल, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. ती मेणबत्ती कोणाच्या हातची, हे सांगणारा एक भाग लिहिण्यास कोणती अभिरुची आड येते?

या मुलांना दूरचित्रवाणीवर अजिबात कोणी दाखवत नाही असे म्हणणेही चूक ठरेल. मालिकेत नसली तरी बातम्यांत ती असतात. २०२२-२३ पासून पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ‘कोयता गँग’ हा शब्द वाहिन्यांनी रुजवला. हातात कोयता घेतलेली, उभ्या गाड्यांच्या काचा फोडणारी अर्धवट वयाची मुले. आणि मग पोलिसांनी वस्तीतून काढलेली त्यांची धिंड. गाड्या फोडणे हा गुन्हा आहे आणि ज्याची रिक्षा फुटते तोही गरीबच असतो. त्या कृत्याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु कॅमेरा धिंडीपाशी सुरू होतो आणि धिंडीपाशीच संपतो. आता १९ मे २०२४ ची पहाट आठवा. पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. मोटार चालवीत असल्याचा आरोप ज्याच्यावर आला तो मुलगा सतरा वर्षांचा, एका बांधकाम व्यावसायिकाचा. बाल न्याय मंडळाने प्रथम जामीन देताना त्याला अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितले. लोकक्षोभ झाला म्हणून निर्णय बदलला, हे खरे; पण पहिला विचार काय सुचला ते इतिहासात नोंदले गेले. सतरा वर्षांच्या एका मुलाला निबंध आणि दुसऱ्याला धिंड. अल्पवयीन आरोपीची ओळख उघड करू नये असा २०१५ चा बाल न्याय कायदा दोघांनाही लागू आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक मौज सांगून टाकतो. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कोठेही कामास ठेवण्यास बंदी झाली. अपवाद दोनच: एक कुटुंबाचा स्वतःचा व्यवसाय, आणि दुसरा चित्रपट, जाहिराती व दूरचित्रवाणी मालिका यांतील बालकलाकार. सर्कस मात्र वगळली. म्हणजे चहाच्या टपरीवर कप विसळणारा मुलगा दाखवावयाचा असेल, तर टपरीमालक दोषी, निर्माता निर्दोष!

आपल्याच घरातल्या एका समजुतीचा समाचार घेतल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ‘मालिका म्हणजे अफू, कार्यकर्त्याने तिच्या नादी लागू नये,’ असे म्हणणारे अनेक साथी आहेत. त्यांचा उपहास समजू शकतो, पण त्यामागचा आळस समजू शकत नाही. चाकणच्या खोलीतला मुलगा आमचे साप्ताहिक वाचत नाही, सभेला येत नाही आणि युनियन हा शब्द उच्चारल्यास ठेकेदार उद्या गेटपास काढून घेईल हे त्याला पक्के ठाऊक आहे. तो रोज रात्री हातातल्या फोनवर पाहतो ती तीच कथा: गुणवान सुटतो, नशीबवान सुटतो, सुंदर मुलगी सुटते. तो सुटला नाही याचा अर्थ त्याने काय लावावा? आपण गुणवान नाही, नशीबवान नाही, एवढाच. तिसऱ्यांदा ब्रेक मिळाल्यावर तो ठेकेदाराला नव्हे, स्वतःलाच दोष देऊन दुसरे गेट शोधू लागतो. ३० जुलै २०१८ रोजी चाकणच्या रस्त्यावर बसगाड्या जळाल्या तेव्हा सर्वांना एकाएकी या पट्ट्यात राग आहे असा साक्षात्कार झाला. राग होताच. आरक्षणाच्या मागणीपाशी तो पेटला. गेटच्या आत त्याला नाव द्यावयास कोणी गेलेले नव्हते.

दुसरी समजूत याच्या उलट. ‘आपण आपली मालिका काढू, तिच्यात लाल बावटा असेल, संप असेल, शेवटी विजय असेल.’ कृपा करून असे काही करू नका. ती काकूच्या जागी मालक बसवलेली तीच मालिका होईल. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, शरणकुमार लिंबाळ्यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली आणि लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली. गरिबीत वाढणाऱ्या मुलाची भारतीय भाषांतली सर्वांत धीट चित्रे मराठीत आहेत, आणि त्यांतला एकही मुलगा पहिल्या पानापासून शहाणा नाही. तो खोटे बोलतो, चोरतो, लाजतो, आपल्याच आईबापांचा त्याला राग येतो. ही पुस्तके पदवीच्या अभ्यासक्रमात गेली; रात्री आठ वाजता किती घरांत पोहोचली? पिंपरी-चिंचवडने २०१६ साली साहित्य संमेलन भरवले, जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे नाट्य संमेलन भरवले. मांडव उत्तम होते, भोजनही उत्तम होते. या नगरीला लेखक-नटांचे वावडे नाही. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांतून या पट्ट्यातल्या कामगारांनी वर्षानुवर्षे नाटके केली आहेत. पण ज्याची नोकरी सात महिन्यांची, त्याने तालमीला नाव कोणत्या कंपनीच्या वतीने द्यावयाचे?

म्हणून चाकण, भोसरी, तळवडे येथील साथींना एक साधे काम सुचवितो. या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते. बुधवारी रात्री एखाद्या रूममध्ये, भिंतीवर चादर लावून, ‘फँड्री’ दाखवा. भाषण करू नका, पत्रके वाटू नका. चित्रपट संपल्यावर दिवा लावून एवढेच विचारा की जब्याच्या जागी तू असतास तर दगड कोणाला मारला असतास. पहिल्या गुरुवारी कोणी बोलणार नाही. जी उत्तरे पुढे येतील ती वहीत उतरवून घ्या, बोलणाऱ्याचे नाव न लिहिता, त्याच्याच बोलीत, शिव्यांसकट. त्याने पहिला गेटपास कोणत्या वर्षी घेतला, किती ठेकेदार झाले, किती ब्रेक झाले, आई फोनवर काय विचारते, हेही लिहा. दहा-बारा वह्या भरल्या की त्या आमच्याकडे पाठवा. त्यांतून मालिका लिहिणारा एखादा लेखक मिळेल किंवा न मिळेल. कामगार आयुक्तांच्या कचेरीत दाखल करावयाच्या तक्रारींचा मजकूर मात्र त्यांत नक्की सापडेल.